तांडेलांचें निसर्गज्ञान

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहास लिहितांना लेखणी बहुधा दोनच वाटांनीं जाते. एक वाट बंदरांची व व्यापाराची: शूर्पारक, कल्याण, चौल, दाभोळ येथून कोणता माल बाहेर जात असे, कोणतीं नाणीं आंत येत, कोणत्या राजानें कोणतें बंदर भरभराटीस आणलें आणि कोणी तें मोडलें. दुसरी वाट आरमाराची: गुराबा किती, गलबतें किती, तोफा किती, कोण जिंकलें व कोण हरलें. या दोन्ही वाटा राजमार्गच होत आणि त्यांवरून चालणाऱ्या संशोधकांनीं मोठें काम करून ठेविलें आहे. परंतु या दोहोंमधून एक लहानशी पायवाट जाते, तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. माल बंदरांत पोंचला हें खरें. पण ज्या लांकडी जहाजानें तो आणला, ज्यावर नकाशा नाहीं, वेळ दाखविणारें विश्वासाचें घड्याळ नाहीं, आणि ज्याच्या माथ्यावर पावसाळी ढगांनीं सूर्य व तारे दोन्ही झांकून टाकिले आहेत, त्या जहाजास किनारा सांपडे कसा? आणि तो सांपडण्यापूर्वीं, रात्रीच्या काळोखांत त्याच किनाऱ्यावर आपटून फुटण्यापासून तें वाचे कसें?

या प्रश्नाचें एक उत्तर प्राणिसृष्टींत आहे. किनारा डोळ्यांस दिसण्याच्या कितीतरी आधीं तो जवळ आल्याची वर्दी देणारे साप, पक्षी व मासे समुद्रावर असत, आणि त्यांची भाषा जाणणारा मनुष्य जहाजाच्या सुकाणूपाशीं उभा असे. त्यास कोणी निर्यामक म्हणे, कोणी मुअल्लिम, कोणी नाखवा, कोणी तांडेल. या माणसांनीं ग्रंथ लिहिले नाहींत म्हणून त्यांची विद्या विद्या नव्हती असें समजण्याचा प्रघात पडला आहे. तो कितपत बरोबर आहे, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

या विषयाची पहिली स्पष्ट लेखी नोंद सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची आहे. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास मिसर देशांतील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लुस' हें छोटेखानी पुस्तक लिहिलें. लेखकाचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण त्याचा स्वभाव पुस्तकावरून कळतो. त्यास काव्याची हौस नाहीं. कोणत्या बंदरांत काय विकावें, काय घ्यावें, धोका कोठें आहे, एवढेंच तो सांगतो. आपल्या बाजूस तो सोपारा, कल्याण व चौल यांचीं नांवें घेतो आणि कल्याणच्या बंदरांत ग्रीक जहाजांस त्या काळीं अडथळा होऊं लागल्याची तक्रारही करतो. असा हा रोकड्या बुद्धीचा मनुष्य तीन वेगवेगळ्या ठिकाणीं सापांचा उल्लेख करतो. सिंधूच्या मुखाकडे येणाऱ्या जहाजास खोल पाण्यांतून वर आलेले साप सामोरे येतात आणि तीच भूमि जवळ आल्याची खूण, असें तो लिहितो. कच्छच्या आखाताकडे ते साप मोठे व काळे असतात. भडोचच्या बाजूस आलें म्हणजे लहान, हिरवे व सोनेरी झांक असलेले दिसूं लागतात. आणि खालीं मलबारच्या किनाऱ्यापुढें पुन्हां काळे, पण आंखूड व रक्तासारख्या लाल डोळ्यांचे भेटतात. म्हणजे नुसता किनारा जवळ आला एवढेंच नव्हे, तर तो कोणता किनारा हेंही सापाच्या रंगावरून व आकारावरून ठरवितां येत होतें.

आधुनिक प्राणिशास्त्राच्या कसोटीस हें विधान लावून पाहिलें तर काय दिसतें? समुद्रांतील साप पाण्यांत राहतात खरे, पण त्यांस कल्ले नसतात; श्वास घेण्यासाठीं त्यांस पुनःपुन्हां पृष्ठभागावर यावें लागतें. त्यांचें भक्ष्य मात्र बहुतेक तळाशीं, म्हणजे वाम व चिखलांत राहणारे लहान मासे. तेव्हां तळ आणि पृष्ठभाग यांच्यामधील अंतर एका श्वासांत कापतां येईल, अशाच उथळ पाण्यांत त्यांचा संसार चालतो. पिवळ्या पोटाची एक जाति तेवढी भर समुद्रांत वाहत राहते. बाकीच्या जाति किनाऱ्यालगतच्या पाण्याखालच्या पठारास धरून असतात. हें पठार मुंबई व खंबायतच्या समोर सुमारें ३०० किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेस तें अरुंद होत जातें. म्हणून पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजाच्या बाजूस पाण्यावर साप दिसला, याचा अर्थ जहाज त्या पठारावर आलें. खालीं तळ लागण्याजोगा झाला. आतां शिशाचें वजन बांधलेली दोरी सोडून किती वाव पाणी आहे हें मोजण्यास प्रारंभ करावा. समुद्राचा तळ डोळ्यांस दिसत नाहीं. साप दिसतो, आणि तो तळाची बातमी वर आणतो. निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या जाति अधिक आढळतात, हेंही खरेंच आहे.

येथें एक शंका निघेल. अरबी समुद्र ओलांडणारे नाविक ताऱ्यांवरून मार्ग काढीत, मग त्यांस सापांची गरज काय? उत्तर असें कीं, ध्रुवाच्या उंचीवरून आपण उत्तरेस किती व दक्षिणेस किती हें कळतें. पूर्वेस किंवा पश्चिमेस किती आलों हें कळत नाहीं. तें कळण्यास अचूक चालणारें घड्याळ लागतें, आणि समुद्रावर टिकेल असें घड्याळ हॅरिसन या इंग्रज कारागिरानें तयार करून त्याची पहिली सागरी परीक्षा झाली ती १७६१ सालीं. त्यापूर्वींच्या सर्व शतकांत हिंदुस्थानचा किनारा नेमका किती दूर राहिला, हें सांगणारें साधन कोणत्याही जहाजावर नव्हतें. शिवाय मिसरची जहाजें जुलै महिन्याच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर पावसाळ्याच्या उतारास इकडे पोंचत. त्या दिवसांत आकाश उघडें मिळेल याचा भरंवसा नसे. वारा पाठीमागून जोराचा, पुढें किनारा, आणि वर ढग. अशा वेळीं पाण्यावर तरंगणारा एक साप शंभर जीव वाचवूं शके.

आपल्या जुन्या वाङ्मयांतही या विद्येच्या खुणा आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील एका ऋचेंत, आकाशांतून उडणाऱ्या पक्ष्यांची वाट जो जाणतो तोच समुद्रावरच्या नावाही जाणतो, असें वरुणाविषयीं म्हटलें आहे. पक्षी आणि नाव यांस एकत्र आणणारी ही कल्पना केवळ अलंकार म्हणून सुचली असेल किंवा नसेल. परंतु बौद्ध वाङ्मयांत तिचा रोकडा व्यवहार दिसतो. दीघनिकायांतील केवट्टसुत्तांत एक दृष्टांत आहे. समुद्रावर जाणारे व्यापारी आपल्याबरोबर तीर पाहणारा पक्षी नेत. भूमि दिसेनाशी झाली म्हणजे त्यास सोडीत. तो चारी दिशांस फिरून येई. कोठें किनारा दिसला तर तिकडे निघून जाई, न दिसला तर जहाजावर परत येई. जातककथांत या कामाच्या कावळ्यास 'दिसाकाक' म्हणजे दिशा दाखविणारा कावळा असें नांवच आहे, आणि बावेरु जातकांतला कावळा आपल्या व्यापाऱ्यांबरोबर थेट बाबिलोनपर्यंत गेलेला आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंही सिंहलद्वीपाचे नाविक ताऱ्यांकडे न पाहतां बरोबर नेलेले पक्षी सोडून त्यांच्या मागोमाग जहाज हांकतात, असें लिहून ठेविलें आहे. कावळ्याचीच निवड कां, हें उघड आहे. पाणपक्षी असता तर तो पाण्यावर बसला असता. कावळ्यास जमीन किंवा जहाज यांवांचून तिसरा आसरा नाहीं. त्याची ही अगतिकता हेंच नाविकाचें साधन.

याहून महत्त्वाची कथा आर्यशूराच्या जातकमालेंतील सुपारगाची होय. सुपारग हा निष्णात निर्यामक. त्याच्या नांवावरूनच त्याचें नगर ओळखलें जाई, असें आर्यशूर सांगतो, आणि तें नगर म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यांतील सोपारा असें विद्वानांचें मत आहे. हा सुपारग मासे, पाण्याचा रंग, तळाची जमीन, पक्षी आणि खडक यांच्या खुणांवरून समुद्राचा प्रदेश ओळखीत असे, असें त्याचें वर्णन आहे. ही यादी नीट पाहावी. हींत मंत्र नाहीं, शकुन नाहीं, देवाचा कौल नाहीं. पांचही गोष्टी प्रत्यक्ष पाहण्याच्या आहेत, आणि आजच्या समुद्रशास्त्रज्ञास यांतील एकही गाळावीशी वाटणार नाहीं. पुढें कथेंत तो वृद्ध होतो, दृष्टि जाते, तरी व्यापारी त्यास बरोबर नेतात. पालि जातकांत तर खारें पाणी लागून लागून त्याचे डोळे गेले असें सांगितलें आहे. जहाज वादळांत सांपडल्यावर इतर लोकांनीं पाण्यांत दिसणाऱ्या माशांचें वर्णन करावें आणि आंधळ्या सुपारगानें तो कोणता समुद्र हें सांगावें, असा तो प्रसंग आहे. ते मासे मनुष्याच्या देहाचे व वस्तऱ्यासारख्या नाकाचे आहेत. तेथें कथा अद्भुतांत शिरली हें कबूल केलें पाहिजे. पण अद्भुताच्या पोटांत एक खरी गोष्ट उरतेच: मासा कोणता हें कळलें कीं पाणी कोणतें हें कळतें, हें श्रोत्यांस पटण्यासारखें होतें. तसें नसतें तर कथा रचणाराला ती युक्ति सुचली नसती.

ही विद्या पुढें लोपली नाहीं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इब्न माजिद या प्रख्यात अरब मुअल्लिमानें नौकानयनावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत ध्रुवाची उंची बोटांच्या मापानें मोजण्याच्या रीतीबरोबर किनाऱ्याच्या खुणांचें एक स्वतंत्र शास्त्रच सांगितलें आहे, आणि त्या खुणांत पक्षी, पाण्याचा रंग, तळाचा चिखल व हिंदुस्थानच्या किनाऱ्यापुढचे साप यांची गणना आहे. १७६३ सालीं डेन्मार्कच्या राजानें अरबस्तानांत पाठविलेल्या शोधकांच्या मंडळींपैकीं कार्स्टेन नीबुर हा मोचाहून मुंबईस आला. त्या प्रवासाची हकीकत हृदयद्रावक आहे. मंडळींतील भाषापंडित व सृष्टिशास्त्रज्ञ येमेनांतच मरण पावले होते; चित्रकार व चाकर या सफरींत जहाजावर वारले; वैद्य पुढें मुंबईंत गेला. एकटा नीबुर, ज्याचें काम केवळ मोजणी करण्याचें, तो उरला. सृष्टिशास्त्रज्ञ हयात नसतां या मोजणीदारानेंच, मुंबई जवळ येत असतां पाण्यावर दिसलेल्या सापांची नोंद केली आणि ती किनारा समीप आल्याची खूण म्हणून केली. महिना सप्टेंबरचा होता, म्हणजे पेरिप्लुसच्या जहाजांचाच हंगाम. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हॉर्सबर्ग यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांसाठीं जो मार्गदर्शक ग्रंथ तयार केला, त्यांतही पावसाळ्यांत सूर्य दिसत नसतां साप दिसले म्हणजे जहाज तळ लागेल अशा पाण्यांत आलें असें समजावें, ही सूचना आहे. अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यापासून हॉर्सबर्गपर्यंत साडेसतराशें वर्षें होतात. इतका काळ, इतक्या भाषांत, एकच खूण एकाच उपयोगासाठीं टिकून राहावी, हें तिच्या सत्यतेचें मोठें प्रमाण आहे.

मात्र या ग्रंथकारांस ही खूण कोणी शिकविली? पेरिप्लुसच्याच एका परिच्छेदांत याचें उत्तर आहे. नर्मदेच्या मुखाशीं वाळूचे दांडे व भरतीचा प्रचंड वेग यांमुळें परक्या जहाजांची दुर्दशा होई. म्हणून राजाच्या चाकरींतले तेथलेच कोळी लांबट होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि त्या जहाजांस भरतीच्या वेळा साधून भडोचला नेत. परक्या जहाजाचा अखेरचा गुरु हा नेहमीं स्थानिक कोळी असे. ग्रंथ ग्रीकांत लिहिला गेला, अरबींत लिहिला गेला, इंग्रजींत लिहिला गेला. धडा बहुधा कोळ्यांच्या तोंडचाच होता.

आतां दूरच्या सफरी सोडून किनाऱ्याकिनाऱ्यानें चालणाऱ्या आपल्या कोंकणी गलबतांकडे येऊं. येथें साप पाहून किनारा ओळखण्याचा प्रश्न नव्हता. किनारा डाव्या नाहींतर उजव्या हाताला सतत होताच. येथें विद्या होती ती वेळेची. रात्रीच्या उत्तरार्धांत जमिनीवरून मतलई सुटावी, तांडेलानें नांगर उचलावा, त्रिकोणी शीड तिरप्या काठीवर चढवावें आणि पहांटेपर्यंत खाडीच्या तोंडाबाहेर पडावें. दुपारीं खारा वारा समुद्रावरून आंत येऊं लागला कीं त्याच्या जोरावर मजल मारावी. संध्याकाळीं वारा पडला कीं एखाद्या खाडींत अगर बेटाच्या आडोशास थांबावें. उधाण असेल तर उंबरठ्यावरचा वाळूचा दांडा ओलांडून आंत जातां येई. भांगाची भरती असेल तर बाहेरच मुक्काम. तांदूळ, मीठ, नारळ, सुपारी, मंगळुरी कौलें, इमारती लांकूड आणि माणसें हें सारें अशा लयीनें मुंबईपासून मलबारपर्यंत हिंडत असे. पडाव, मचवा, शिबाड, फत्तेमारी हीं नांवें ज्यांच्या लहानपणीं घरांत नित्य उच्चारलीं जात, असे वाचक आतां विरळाच.

या लयीस वर्षाचीही एक लय होती, आणि ती समुद्रावरील जीवांच्या लयीशीं जुळलेली होती. ज्येष्ठांत नावा ओढून वर घेत व झापांनीं शाकारीत. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहून पुन्हां पाण्यांत लोटीत. नावा वाळूवर विसांवत, त्याच पावसाळ्यांत वेंगुर्ल्यासमोरच्या उघड्या खडकांवर सुरय पक्षी आपलीं अंडीं घालीत. मनुष्याची वर्दळ थांबण्याचा तो काळ त्यांस जणूं राखून ठेविलेला. पाऊस संपून बंदरें गजबजलीं कीं उत्तरेकडून कुरवांचे थवे येत आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत मासळीच्या होड्यांभोंवतीं घिरट्या घालीत. थंडीच्या रात्रीं कासवें वाळूवर येऊन अंडीं घालून जात. समुद्रगरुड किनाऱ्यावरच्या उंच झाडावर वर्षानुवर्षें तेंच घरटें डागडुजी करून वापरीत. असें झाड समुद्रावरून ओळखूं येतें. ज्यास मालवणकडे गादा म्हणतात तो डॉल्फिन खाड्यांच्या तोंडाशीं, उथळ पाण्यांतच फिरे. ज्याच्या अन्नाचा आणि जिवाचा प्रश्न आहे तो मनुष्य या गोष्टी डोळ्यांआड होऊं देत नाहीं.

एक शत्रुही या ज्ञानांत समाविष्ट होता. लांकूड पोंखरणारा समुद्रकिडा जहाजाच्या तळांत शिरला कीं वरून धडधाकट दिसणारी फळी आंतून चाळणीसारखी होई. त्यावर मुशीच्या यकृताचें तेल व चुना यांचा लेप देत. आणि हा किडा गोड्या पाण्यांत तग धरीत नाहीं, म्हणून पावसाच्या पाण्यानें भरलेली खाडी ही जहाजाची औषधशाळाही होती.

मराठी आरमाराच्या यशापयशाचा विचार करतांना ही पार्श्वभूमि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. शिवाजीमहाराजांनीं १६६४ च्या अखेरीस मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो बुडालेल्या खडकांनीं वेढलेल्या पाण्यांत. त्या खडकांमधून जाणारी वाट ज्यास ठाऊक त्यासच किल्ल्याचें दार उघडें. इतरांस तेंच पाणी तटबंदी. आंग्र्यांचीं गलबतें उथळ तळाचीं, वारा पडला तर वल्ह्यांनीं चालणारीं; मुंबईकर इंग्रजांचीं खोल तळाचीं मोठीं जहाजें जेथें येऊं धजत नसत तेथें तीं आश्रय घेत. विजयदुर्गापासून सुमारें १०० किलोमीटर पश्चिमेस समुद्रांत बुडालेलें प्रवाळाचें एक मोठें पठार आहे. त्यास आजही सागरी नकाशांवर आंग्र्यांचेंच नांव आहे. रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं झाडांविषयीं जी ताकीद आहे, तीही याच समंजसपणाची साक्ष होय. जहाजांसाठीं आंबा-फणसाचें लांकूड उपयोगी खरें, पण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. म्हणून मालकाच्या राजीखुषीवांचून हात लावूं नये, असा तिचा आशय आहे.

येथवर जें लिहिलें त्यावरून जुना नाविक हा निसर्गाचा मोठा भक्त होता अशी कोणाची समजूत झाल्यास ती दुरुस्त करणें अवश्य आहे. तो भक्त नव्हता, जाणकार होता. आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. कासवास कूर्मावतार मानून नमस्कार करणाऱ्या गांवांतही कासवाचीं अंडीं वाळूंतून काढून खाल्लीं जात. वेंगुर्ल्याच्या खडकांतील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेनें घरटीं बांधतात. तीं घरटीं चिनी लोकांच्या पाकशाळेसाठीं खरवडून नेण्याचा धंदा दीर्घकाळ चालला आणि २००१ सालींही तेथें लूट होत असल्याचें उघडकीस आलें. जुन्या काळीं प्राणिसृष्टि टिकली ती माणसाच्या दयेनें टिकली असें म्हणवत नाहीं. शिडाला जितकी ओढ होती व हाताला जितकी पोंच होती, तितकीच तिची हानि झाली, एवढेंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या विद्येस एक नवा सोबती भेटला. १८८० सालीं विडाल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी प्रसिद्ध केली. १८८३ च्या सप्टेंबरांत मुंबईंत आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित कुटुंबांत असावी तितकी माहितीची नाहीं. या मंडळींनीं जीवांस लॅटिन नांवें दिलीं, नमुने जमविले, वर्णनें छापलीं. त्यांचे उपकार थोर आहेत. परंतु नमुना कपाटांत आला आणि ज्या संदर्भांत तांडेल त्या जीवास ओळखी तो संदर्भ मागें राहिला. साप किती लांब व त्यास खवले किती, हें छापलें गेलें. तो कोणत्या वाऱ्यावर, किती वाव पाण्यावर, कोणत्या महिन्यांत दिसला म्हणजे काय समजावें, हें विचारण्याचें काम कोणत्याच शास्त्राच्या वांट्यास आलें नाहीं. दोन विद्या एकाच बंदरांत शेजारीं शेजारीं नांगरून राहिल्या. त्यांचें बोलणें फार थोडें झालें.

त्यानंतर आगबोट आली, मग तेलाचें यंत्र आलें. त्यांनीं कोंकणच्या माणसाचे श्रम व वेळ वांचविला, याविषयीं दुमत नाहीं. मुंबईस चाकरीसाठीं जाणाऱ्या लक्षावधि कुटुंबांचा संसार त्यांवर चालला. परंतु यंत्रास मतलई नको आणि खारा वाराही नको, भरतीची फारशी वाट पाहणेंही नको. पूर्वजांनीं जो हंगाम समुद्राचा म्हणून सोडून दिला होता त्या आषाढांतही आगबोटी चालूं लागल्या. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या अनर्थाचीं कारणें अनेक असतील आणि केवळ जुनी चाल मोडली म्हणून तो घडला असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण ज्येष्ठांत नावा वर ओढण्यामागें जें शहाणपण होतें, त्याची किंमत त्या दिवशीं पुन्हां एकदां कळली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मालाचीं शिडाचीं गलबतें हळूहळू बंदरांतून नाहींशीं झालीं. शीड अगदींच गेलें असें नाहीं. गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेंतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे प्रथम भारतीय ते हेच, ही गोष्ट मराठी वाचकास अभिमान वाटावा अशीच आहे. पण पराक्रमाचें शीड वेगळें आणि पोटाचें शीड वेगळें. पहिल्यास उपग्रह वाट दाखवितो. दुसऱ्यास साप व पक्षी दाखवीत.

आणि ते साप आज कोठें आहेत? ते आहेत, पण जाळ्यांत. मालवणकडील मासेमारीच्या जाळ्यांत मासळीबरोबर अडकून येणाऱ्या सापांचा अभ्यास अलीकडे शास्त्रज्ञांनीं केला आहे. ज्याच्या दर्शनानें पूर्वीं अख्खें जहाज हर्षानें ओरडत असे, तो आज जाळ्यांतली अडगळ म्हणून उचलून फेंकला जातो, कित्येकदां मेलेला. त्यास कोणी मुद्दाम शत्रु मानलेलें नाहीं. त्याची गरज संपली, इतकेंच. गरजेवर उभारलेलें ज्ञान गरज संपतांच मरतें, आणि ज्ञान मेल्यावर जीवाकडे पाहण्याचें कारणच उरत नाहीं.

तरी सर्व चित्र काळोखाचें नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें व गांवकऱ्यांनीं कासवांच्या अंड्यांचें रक्षण चालविलें आहे. ज्यांस वाळूवरची पावलांची खूण पाहून घरटें कोठें आहे हें अचूक कळत असे, तेच डोळे आतां राखणीच्या कामीं आले. कारण घरटें शोधण्याची विद्या दोन्ही कामांस एकच लागते. पिल्लें समुद्रांत जातांना पाहण्यासाठीं आतां दूरदूरहून कुटुंबें येतात आणि गांवांतल्या घरांतून त्यांची राहण्याजेवण्याची सोय होते. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें, जाळ्यांत सांपडलेला संरक्षित प्राणी सोडण्यासाठीं जाळें कापावें लागल्यास मच्छीमारास भरपाई देण्याची योजना काढली. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: जीवाकडे पाहण्यास माणसाला पुन्हां कारण मिळालें.

जीवरक्षण संस्था करतील, कायदा करील. ज्ञानरक्षण कोणी करावयाचें? किनाऱ्यावरील गांवोगांवीं असे थोडे वृद्ध अद्याप आहेत कीं ज्यांनीं तरुणपणीं शिडावर काम केलें आहे. वाऱ्यांचीं नांवें, पाण्याच्या रंगांचीं नांवें, खडकांचीं, माशांचीं, पक्ष्यांचीं नांवें, आणि अमुक दिसलें म्हणजे अमुक समजावें हे आडाखे त्यांच्यापाशीं आहेत. किनाऱ्यावरील शाळांचे शिक्षक, महाविद्यालयांतील मराठीचे व प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांचीं स्वतःचीं गलबतें होतीं अशीं कुटुंबें यांनीं मनावर घेतलें, तर एका हिंवाळ्याच्या सुटींत पुष्कळ लिहून होईल. त्यांतील कांहीं आडाखे खोटे ठरतील, कांहीं अर्धवट निघतील. तें तपासण्याचें काम पुढचें. सुपारगाचे डोळे गेले तेव्हां तरुणांनीं पाहिलें आणि त्यानें सांगितलें. आजही वृद्धांनीं सांगावयाचें आणि तरुणांनीं पाहावयाचें, अशीच कामाची वांटणी आहे. मात्र विचारावयास गेलें पाहिजे, आणि तें लौकर.